पडद्यावरची मराठी ओळ : प्रस्तावना

वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो उड्या मारत जातो. मधे क्षणभर थबकतो, तेवढ्यात अक्षरे टिपतो आणि पुढे झेपावतो. ओळ संपली की डावीकडे परतून पुढच्या ओळीचे तोंड शोधतो. ओळ फार लांब असली तर परतीची ही वाट चुकते आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. फार आखूड असली तर दर दोन-चार शब्दांनी मागे यावे लागते. संकेतस्थळावरच्या मजकुराची रुंदी किती आणि अक्षर केवढे, हा सगळा विचार डोळ्यांच्या या येरझारांतून निघतो. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना पहिली ओळख याच गोष्टीची करून द्यायला हवी.

इंग्रजीपुरती उत्तरे तयार आहेत. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी १९९२ च्या ‘द एलिमेंट्स ऑफ टायपोग्राफिक स्टाइल’ या ग्रंथात एका ओळीत ४५ ते ७५ वर्ण समाधानकारक आणि ६६ आदर्श मानले. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठी २००८ मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूसीएजी २.०’ या जागतिक मार्गदर्शिकेने आपल्या सर्वांत कडक पातळीवर ८० वर्णांची मर्यादा घातली. चिनी, जपानी, कोरियनसाठी ती ४० केली. देवनागरीसाठी वेगळा आकडा तीत नाही. मग आपण ८० धरायचे की आणखी काही?

मुळात मोजायचे काय, इथेच घोडे अडते. ‘कर्तृत्व’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात : क, र्तृ, त्व. युनिकोड या संगणकी लिपिसंकेताच्या हिशेबात मात्र तो आठ वर्णांचा, कारण दोन हलन्त आणि ऋकारही तिथे सुटे मोजले जातात. वेबपानाची रुंदी ‘सीएच’ या एककात द्यावी, तर ते रोमन शून्याच्या रुंदीवर बेतलेले.

आकाराचा पेचही याच शब्दात आहे. ‘र्तृ’मध्ये शिरोरेषेवर रफार आणि खाली ऋकार. दोन्हींना जागा द्यायची म्हणून अक्षराचा मधला देह आवळावा लागतो. म्हणून ब्राउझरचा नेहमीचा १६ पिक्सेलचा आकार मराठीला बहुधा बारीक पडतो, आणि ओळींमधले अंतर कमी ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. खिळे जुळवणारे कंपोझिटर हे जाणून होते. ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून ते मजकूर मोकळा करत. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा ग्रंथ १९७१ मध्ये आला. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट रेखला, पुढे ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’ घडवला. अक्षराचा विचार आपल्याकडे असा खोलवर झाला आहे. त्या मानाने पडद्यावरच्या ओळीचा विचार व्हायचा आहे.

त्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. माणिकपुरातून वसई रोड स्थानक गाठून चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने मोबाईल वाचणाऱ्यांकडे पाहावे. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर १८ पिक्सेलचे अक्षर लावले की ओळीत पाच-सहा शब्द जेमतेम मावतात. त्यात ‘महानगरपालिकेकडून’ असा अकरा अक्षरी शब्द आला आणि दोन्ही कडा जुळवलेल्या असल्या, तर मधे खिंडारे पडतात. मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे हा अनुभव वारंवार येतो. उजवी कडा मोकळी सोडणे हा त्यावरचा साधा उपाय.

आरंभासाठी माझे आकडे असे : मोबाईलवर १८ पिक्सेल, संगणकावर २०, ओळीची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट, संगणकावर ओळीत दहा-बारा शब्द. हे अंदाज आहेत. एकच उतारा तीन रुंदींत मांडावा, वेगवेगळ्या वयाच्या माणसांना मोठ्याने वाचायला द्यावा आणि कोण कुठे ओळ चुकतो ते नोंदवावे. त्या नोंदींनी माझे आकडे खोडले गेले, तर हा विषय पुढे सरकला असे समजेन.

माणिकपूर, वसई