ढिगाऱ्याशेजारचा वैद्य : हिंगोली परिसरातील शोध-बचाव आणि वैद्यकीय स्वयंसेवा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. परंतु संकटात अडकलेल्या माणसाला शोधून काढणे आणि जागच्या जागी त्याच्यावर उपचार सुरू करणे या दोन कामांची सांगड येथे कशी पडत गेली हे पाहायचे, तर जिल्ह्याच्या सीमेबाहेर आणि बरेच मागे जावे लागते. निजामाच्या राजवटीत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली पोसलेल्या फौजेचे, ठाणे होते व ते १९०३ पर्यंत टिकले. अशा छावणीतील वैद्यकीय व्यवस्था मुळात शिपायांसाठी असे. कयाधू आणि पूर्णेच्या काठची खेडी आपल्या संकटांना आपल्याच माणसांच्या बळावर तोंड देत आली.

ही संकटे बहुतांशी पाण्याची होती. विहिरीत किंवा डोहात कोणी बुडाले की गावातले पट्टीचे पोहणारे, आणि ते कमी पडले तर नदीकाठचे भोई, दोर व गळ घेऊन उतरत. काठावर आणलेल्या माणसाला पालथे घालून किंवा उलटे धरून पोटातले पाणी काढण्याचा प्रयत्न होई. या रीतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल, कारण १९०३ मध्ये शेफर या शास्त्रज्ञाने मांडलेली कृत्रिम श्वासाची पद्धतसुद्धा रुग्णाला पालथे निजवून पाठीवर दाब देण्याचीच होती आणि जगभरच्या प्रथमोपचार वर्गांतून ती कित्येक वर्षे शिकवली गेली. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे या दोन्हींची शास्त्रीय मांडणी १९५० च्या दशकाच्या अखेरीस व १९६० च्या सुमारास झाली, तेव्हा कुठे पाणी बाहेर काढण्यापेक्षा फुप्फुसांत हवा पोहोचवणे निकडीचे असल्याचे सर्वमान्य झाले. इंग्लंडात १८७७ मध्ये सुरू झालेली सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि १९२० च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय रेडक्रॉस सोसायटी यांनी प्रथमोपचाराचे शिक्षण भारतात रुजवले खरे, पण त्याचा ओघ रेल्वे, पोलीस आणि कारखाने यांच्याकडे अधिक राहिला. विहिरीत उतरणारा एक आणि उपचार जाणणारा दुसरा, ही फारकत तशीच राहिली.

मराठवाड्यात या फारकतीची खरी किंमत ३० सप्टेंबर १९९३ रोजी मोजावी लागली. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती आणि पोलीस बंदोबस्तातून नुकते मोकळे झाले होते, तोच पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद सीमेवरील किल्लारी परिसर हादरला. सुमारे आठ ते दहा हजार माणसे दगावली आणि ५२ गावे उद्ध्वस्त झाली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती, जी जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम म्हणावी लागेल. माणसे मेली ती मुख्यतः घरांच्या रचनेमुळे. त्या भागातील माळवदाच्या घरांना, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर घालून सपाट छत केलेल्या घरांना, दगड आणि चिखल यांच्या रुंद भिंती असत. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नसल्याने हादऱ्यासरशी ते सुटे झाले आणि छताची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. काँक्रीटची इमारत पडते तेव्हा स्लॅबखाली पोकळ्या उरतात व त्यांत माणूस काही दिवसही तग धरू शकतो. मातीच्या ढिगाऱ्यात मात्र पोकळी क्वचितच उरते, धूळ नाकातोंडात जाते आणि गुदमरून मृत्यू येतो. म्हणूनच किल्लारीत जिवंत माणूस हाती लागण्याची शक्यता पहिल्या काही तासांपुरतीच होती, आणि त्या तासांत पहार, कुदळ, टिकाव व घमेले घेऊन ढिगारे उपसणारे होते ते जगलेले शेजारीच.

मदत आली ती अफाट आली. लष्कर आले, राज्यभरातून डॉक्टर आले, स्वयंसेवी संघटनांची पथके आली. जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर येथे हलवण्यात आले, आणि डॉ. अशोक कुकडे यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये लातूरला सुरू झालेल्या विवेकानंद रुग्णालयासारख्या संस्थांनी आपली शक्ती पणाला लावली. त्या डॉक्टरांच्या कष्टांपुढे कोणाचीही मान आदराने लवावी. तरीही नंतरच्या काळात आपत्ती-व्यवस्थापनाच्या अंगाने या घटनेकडे पाहताना एक उणीव नजरेआड करता येत नाही: वैद्यकीय पथके प्रामुख्याने रुग्णालयात व छावणीत होती, तर उपसणारे हात ढिगाऱ्यावर होते, आणि या दोघांना बांधणारी व्यवस्था नव्हती. त्यातच मदतीच्या वाहनांनी व बघ्यांनी रस्ते कोंडले आणि पुढे पावसाने कामात व्यत्यय आणला.

ढिगाऱ्याशेजारी वैद्य का हवा, याचे कारण केवळ रक्तस्राव थांबवणे एवढेच नाही. हात किंवा पाय तासन्‌तास दडपला गेला की तेथील स्नायू मरू लागतात. वरचा भार एकदम उचलला की मृत स्नायूंतील पोटॅशियम व स्नायुप्रथिने रक्तात उतरतात, हृदयाची गती बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि बाहेर काढताना बोलत असलेला माणूस काही वेळाने दगावतो. १९४१ मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील जखमींवरून बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. त्यावरचा उपाय म्हणजे भार उचलण्यापूर्वीच शिरेतून सलाइन सुरू करणे. त्यासाठी भोकातून आत सरपटून, हाताला लागेल ती शीर शोधणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि तो उपसणाऱ्यांच्या तुकडीचाच घटक असावा लागतो.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरबांधणीबरोबर आपत्ती-व्यवस्थापनाच्या आराखड्यांचेही काम झाले आणि महाराष्ट्र या बाबतीत देशात अग्रेसर ठरला. पुढे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि त्याची एक बटालियन पुण्याजवळ आली. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका धावू लागल्या व प्रत्येकीत डॉक्टर असण्याची तरतूद झाली. ‘आपदा मित्र’ ही केंद्राची योजना तर थेट गावातल्या माणसाकडेच वळली: निवडलेल्या स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण देऊन शोध, बचाव आणि प्रथमोपचार ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीला शिकवायची, ही तिची कल्पना. या साऱ्या घडामोडींत तिचे मोल सर्वांत अधिक मानले पाहिजे, कारण पुण्याहून निघालेले पथक कितीही तत्पर असले तरी कळमनुरीच्या ढिगाऱ्यापर्यंत ते पहिल्या तासात पोहोचू शकत नाही.

हिंगोलीची कसोटी गेल्या काही वर्षांत वारंवार लागली आहे. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातीलच गुंज येथील शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. तिघांना वाचवता आले, सात महिला बुडाल्या. पाण्याने भरलेल्या विहिरीत ट्रॉलीखाली अडकलेल्यांसाठी हाती असणारा अवधी मिनिटांचाच असतो, आणि तेवढ्या वेळात जे काही घडते ते काठावरच्या माणसांच्या हातून घडते.

भूकंपाचे सावट याहून सलग आहे. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, व त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का आला. मार्चच्या धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने लोकांना सांगितले की पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून छतावर ठेवलेले दगड काढून घ्यावेत. या साध्या सूचनेत पुढच्या वैद्यकीय पथकाने ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आहे. माळवदाची जागा जिथे पत्र्याने घेतली, तिथे गुदमरण्याचा धोका घटतो आणि डोक्याला मार, मानेला इजा व हाडे मोडणे यांचा वाढतो; अशा जखमीला ओढून काढण्याऐवजी मान स्थिर धरून फळीवर घ्यावे लागते. जुन्या गावठाणात मात्र दगडमातीच्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि तिथे किल्लारीचाच धडा लागू पडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना हे दोन्ही प्रकारचे ढिगारे एकाच तालुक्यात, कधी एकाच गल्लीत भेटतील.