टपाल-गाळणी सेवा आणि वापरकर्ता-निर्देशिकेचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारतात १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा व आय.आय.टी.चा सहभाग होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सर्वसामान्यांना खुली केली आणि ई-टपाल महाविद्यालयांपर्यंत पोहोचले. पाठोपाठ अनाहूत टपालही आले. ते रोखणारी गाळणी अनेकदा वापरकर्त्याची निर्देशिका निर्माण करू शकत नाही. या दोषाची ऐतिहासिक कारणमीमांसा येथे केली आहे.

दोषाची पार्श्वभूमी :
१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. या प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्यास स्वतःची गृह-निर्देशिका असे. टपाल पोहोचविणारी सेंडमेल ही सेवा मात्र सर्वाधिकारी 'रूट' म्हणून चाले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने सेंडमेलमधील त्रुटीचाही उपयोग केला. पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेस आवश्यक तेवढेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व पुढे दृढ होत गेले.

२००१ मध्ये स्पॅमअसॅसिन ही गाळणी प्रसिद्ध झाली. तिची स्पॅमडी ही सेवा रूट म्हणून सुरू होते व प्रत्येक पत्रासाठी संबंधित वापरकर्त्याचे रूप घेते. तथापि, टपालखाती केवळ विदासंचात नोंदविण्याची पद्धत रूढ झाल्यावर अशा खातेदारास प्रणालीत ना ओळख उरली, ना गृह-निर्देशिका. नाव न सापडल्यास स्पॅमडी 'नोबडी' या अधिकारहीन ओळखीवर येते. साहजिकच निर्देशिका निर्माण होत नाही.

परिणाम :
टपाल येतच राहते, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. मात्र गाळणीची वैयक्तिक स्मृती साठत नाही. बेझ पद्धतीस मूलतः २०० इष्ट व २०० अनिष्ट पत्रांचे शिक्षण लागते. तोपर्यंत ती निर्णयात भाग घेत नाही. दवनीवाड्यासारख्या गावात पोस्टमन घरे अनुभवाने ओळखू लागतो. त्याची स्मृती रोज पुसली गेली, तर प्रत्येक दिवस त्याचा पहिलाच दिवस ठरेल. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या अध्यापकासाठी ही हानी विशेष आहे, कारण त्याचे इष्ट टपाल कोणते, हे गाळणीला त्याच्याच पत्रांतून शिकावे लागते.

उपाययोजना :
प्रथम नोंदवहीतील त्रुटी-संदेश वाचून सेवा कोणत्या ओळखीने चालते व मूळ निर्देशिका कोणाच्या मालकीची आहे, हे तपासावे. नंतर गाळणीसाठी स्वतंत्र प्रणाली-वापरकर्ता निर्माण करून एक निर्देशिका त्याच्या मालकीची करावी आणि आभासी निर्देशिकेच्या पर्यायाने प्रत्येक खात्याची उपनिर्देशिका तेथे ठेवावी. सर्वांना लेखनाधिकार देणे हा सोपा, परंतु घातक मार्ग होय. त्यामुळे कोणतीही प्रक्रिया इतरांच्या नोंदी बदलू शकते.

निष्कर्ष :
सदर दोष केवळ संगणकीय चूक नसून सुरक्षिततेसाठी संकोचलेले अधिकार व बदललेली खातेपद्धती यांच्या संघर्षातून तो उद्भवला आहे. म्हणून त्याचे निराकरण अधिकार वाढविण्यात नसून मालकी निश्चित करण्यात आहे.