वस्तरा आणि टिटवे



मर्तिकाचा विषय वसंतातल्या व्याख्यानाला शोभतो का, असे कुणी विचारील. पण कामगार चळवळीत जन्म घालवलेल्या माणसाला लग्नांपेक्षा मर्तिकांनाच जास्त जावे लागते. जालन्याच्या मोंढ्यातला हमाल वारला की घरच्यांचे दहा दिवसांचे सुतक म्हणजे दहा दिवसांची बुडालेली मजुरी. म्हणून दुखवट्याची कोणतीही रूढी पाहिली की, ही कोणाच्या हातून पार पडते आणि तिची किंमत कोण मोजतो, हेच मला प्रथम सुचते.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात हा भार बहुतेक ठिकाणी बायकांवरच होता. राणी व्हिक्टोरिया 1861 साली विधवा झाली ती 1901 साली मरेपर्यंत काळ्या वस्त्रांत राहिली. अमेरिकेत 1861 ते 1865 च्या यादवी युद्धानंतर प्रेत टिकवण्याचा एक धंदाच उभा राहिला. सधन विधवेने दोनेक वर्षे काळा पोशाख करावा असा शिष्टाचार होता, आणि तो पोशाख विकून दुकानदार गबर होत. मात्र तिकडचा काळा झगा पुढे उतरवता येई. आपल्याकडे ब्राह्मणांत, आणि त्यांचे पाहून इतर काही जातींत, विधवेचे केशवपन होई. बाप मेल्यावर मुलगाही क्षौर करतो, पण एकदाच. विधवेच्या डोक्यावरून वस्तरा जन्मभर फिरत राही. जालना तेव्हा निजामाच्या मुलखात होते. पलीकडे वऱ्हाडात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापली आणि बायको मेल्यावर पुरुषाला यातले काहीच कसे लागू होत नाही, असा रोखठोक जाब विचारला.

आता तो वस्तरा धरणारा हात पाहा. तो न्हाव्याचा. खेड्यात न्हावी बलुतेदार. गावाला नाही म्हणणे म्हणजे सुगीच्या धान्यावर पाणी सोडणे. मुंबईत तो रोख पैशावर काम करी. माझ्या मते नकाराचे बळ त्याला तिथे मिळाले ते यामुळेच. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांचे केस यापुढे कापायचे नाहीत असे ठरले. हे लोखंडे म्हणजे 1884 साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे. त्याच 1890 च्या जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली तीही त्यांच्याच खटपटीने. सुटीची गोष्ट आम्ही दर मे दिनाला सांगतो, न्हाव्यांची क्वचितच. वास्तविक मजुरीचा एक पैसाही वाढवून न मागता, उलट मिळणारी मजुरी सोडून केलेला असा संप दुसरा कोणता, ते मला आठवत नाही. त्याने केशवपन थांबले नाही, पुढेही कित्येक वर्षे ते चालले. पण ते करणाऱ्यांनीच त्याला पाप ठरवले होते.

त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला पुण्यात जोतीराव फुले वारले. आपल्या उत्तरकार्यात ब्राह्मण नको, असे त्यांनी 1887 च्या मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. मिठात घालून पुरावे ही त्यांची इच्छा. घराशेजारी तशी परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. तिरडी उचलण्याच्या वेळी भाऊबंद आडवे आले. दत्तक मुलगा यशवंत, त्याने टिटवे धरायचे नाही, म्हणाले. टिटवे धरणारा तो वारस, हे सगळ्यांना ठाऊक होते. वाद नुसता मडक्याचा नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे आपल्या हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. ज्या काळात विधवेने कोपऱ्यात तोंड लपवून बसायचे, त्या काळात ही विधवा भर रस्त्याने अग्नी घेऊन निघाली होती.

पुढे सात वर्षांतच प्लेग आला. रोग्यांची सेवा करताना 9 फेब्रुवारी 1897 रोजी लोखंडे गेले आणि 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या.