शिवेपलीकडचा गुन्हेगार
बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी अमलांत होता. आष्टी निजामाची, शेजारचें जामखेड इंग्रजांचें, मध्यें शीव. दरोडेखोरास तेवढें पुरे. इकडे घर फोडावें, पहाटेपूर्वीं तिकडे जावें. पाठलाग करणारा शिपाई शिवेवर थबकणार, कारण पुढें त्याचा अंमल नाहीं. यावर तोड म्हणून 1867 सालीं इंग्रज सरकार व निजाम यांच्यांत गुन्हेगार परस्परांच्या स्वाधीन करण्याचा करार झाला. 1887 सालीं त्यांत दुरुस्ती झाली. राष्ट्राराष्ट्रांच्या पोलिसांची संघटना व्हिएन्ना येथें निघाली ती 1923 सालीं, म्हणजे 56 वर्षांनंतर!

परंतु शीव ओलांडणारा प्रत्येक जण पोटासाठीं लुटणारा नसतो. वासुदेव बळवंत फडके यांनीं दरोडे घातले, हें खरें. पण ते इंग्रजी राज्य उलथण्यासाठीं. पुढें निजामी मुलुखांत रोहिले व अरब जमविण्याची खटपट त्यांनीं केली. त्यांच्या पाठलागांत इंग्रजांचा मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक असे दोघेही होते. चोरांसाठीं जुळलेले हात येथें बंडवाल्यावर पडले. जुलै 1879 मध्यें देवर नावडगी येथें फडके सांपडले. खटल्यानंतर त्यांस एडनास नेलें. तेथेंच 17 फेब्रुवारी 1883 रोजीं त्यांचा अंत झाला.