शेडर कंपायलर

* शेडर कंपायलर : संगणकाच्या नकाशावर दौंडची भीमा किंवा शिरूरची घोडनदी निळी दिसते, तेव्हा ठिपक्या-ठिपक्याचा रंग ‘शेडर’ हा छोटा प्रोग्राम ठरवतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर असे २०,७३,६०० ठिपके असतात. हा प्रोग्राम ग्राफिक्स चिपच्या आज्ञांत उतरवतो तो कंपायलर. लिनक्सवर इंटेल आणि एएमडीच्या चिपांसाठी हे काम ‘मेसा’ ही मुक्त लायब्ररी करते. ब्रायन पॉल यांनी ती १९९३ मध्ये लिहायला घेतली. कंपायलरचा खरा कस चाचणीत लागतो. ‘पिग्लिट’ हा चाचणीसंच छोटे शेडर चालवून ठिपक्याचा रंग तपासतो; हिरवा हवा तिथे लाल आला, की चाचणी नापास. ‘शेडर-डीबी’ हे साधन खऱ्या संगणक-खेळांतले शेडर कंपाइल करून आज्ञा घटल्या की वाढल्या ते मोजते. मात्र आज्ञा घटल्या म्हणून वेग वाढतोच असे नाही, हे नवख्याने आधी ध्यानात घ्यावे. शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांनी मेसाचा हा उघडा कोड जरूर वाचावा. ग्राफिक्स कार्ड नसले तरी अडत नाही : मेसातलाच ‘एलएलव्हीएमपाइप’ हा भाग शेडर थेट सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, चालवतो. – संपादक