सरासरीचा उजेड

डिजिटल कॅमेऱ्याच्या चकतीवर एकीकडे ‘ऑटो’ असते आणि दुसरीकडे ‘एम’, म्हणजे मॅन्युअल. नवशिक्याची समजूत अशी, की पहिले नवे आणि सोपे, दुसरे जुने आणि जाणकारांसाठी राखलेले. छायाचित्रणाच्या इतिहासात मात्र ही विभागणी टिकत नाही. छिद्र किती उघडायचे, शटर किती वेळ उघडे ठेवायचे आणि फिल्म वा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील असावा, हे तीन निर्णय प्रत्येक फोटोत कोणीतरी घेतेच. काळाबरोबर निर्णय घेणारा तेवढा बदलला. ऑटो म्हणजे दुसऱ्याने दूर बसून आधीच घेऊन ठेवलेला निर्णय. तो कोणासाठी घेतला होता हे कळावे म्हणून मॅन्युअल शिकायचे.

सुरुवातीला असा दुसरा कोणी नव्हताच. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पिढीतली नावे. त्या काळच्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात काच धुवायची. आपल्या उन्हाळ्यात तर ती वाळण्याची धास्ती अधिकच. उजेडाचा अंदाज डोळ्यांनी करायचा, लेन्सचे झाकण काढून आकडे मोजायचे, झाकण परत लावायचे. १८८८ मध्ये ईस्टमनच्या कोडॅकने हे ओझे उचलले. १०० फोटोंची फिल्म आत भरूनच येई; ती संपली की कॅमेराच कारखान्याकडे परत जाई. गिऱ्हाईकाकडे बटण दाबण्यापुरते काम उरले. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून टिपत होते, तेव्हा मात्र प्रत्येक निर्णय त्यांचा होता, कारण तसले चित्र कोणत्याही कारखान्याने आधी कल्पिलेच नव्हते. पुढे बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने भारतीय घरांत कोडॅकचीच वाट पोचवली: ऊन किंवा ढग, खूण पाहा आणि बटण दाबा.

१९३८ च्या कोडॅक सुपर सिक्स-२० ने खुणांचाही प्रश्न मिटवला. सेलेनियमचा घट उजेड मोजून छिद्र स्वतः ठरवू लागला. पण मोजणाऱ्या यंत्राला समोर काय आहे ते ठाऊक नसते. सगळे दृश्य मिळून मध्यम करडे असेल, असे ते धरून चालते. नगर–मनमाड रस्त्यावरच्या, प्रवरेकाठच्या कोल्हार-भगवतीपुरात भर दुपारी पांढऱ्या टोप्या-धोतरांचा घोळका टिपला, तर असे यंत्र पांढऱ्याला करडे करते. काळ्या शेळीला उजळून तिलाही करडी करते. समईच्या उजेडातला गाभारा त्याला चूक वाटतो, मग ते अंधारच पुसून टाकते. रंगीत छपाईतही हेच घडले: कोडॅकच्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला गोऱ्या तरुणीचे छायाचित्र नमुना म्हणून वर्षानुवर्षे वापरले गेले, आणि सावळ्या चेहऱ्यांची छटा बिघडत राहिली. सरासरी कोणाची, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक नाही.

यावर कोणी म्हणेल, हे जुने झाले. १९८३ च्या निकॉन एफए पासून कॅमेरे दृश्याचे तुकडे करून मोजतात, आता तर चेहराही ओळखतात. खरे आहे, आणि अंदाज पुष्कळ सुधारलाही आहे. तरी कॅमेरा चेहरा ओळखतो, पण तुम्हाला चेहरा हवा की मावळतीपुढची काळी आकृती, हे त्याला कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आकडे फिरवेपर्यंत क्षण निघून जातो, आणि ऑटो नसते तर सामान्य घरात कॅमेरा आलाच नसता. दोन्ही मान्य. म्हणूनच छिद्र आपण ठरवून शटर यंत्रावर सोडण्याची मधली सोय असते. यंत्राला काम द्यावे, फक्त कोणते दिले ते माहीत असावे. फिल्मच्या काळात हे शिकणे महाग होते. ३६ फोटोंचा रोल धुऊन येईपर्यंत चूक विसरलेली असे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत आकडे नोंदवतो आणि निकाल तिथेच दाखवतो. आधी ऑटोवर टिपा, त्याने निवडलेले आकडे वाचा, तेच ‘एम’ वर लावून शटर थोडे संथ करा. टोपी पुन्हा पांढरी होते, आणि यंत्राने काय गृहीत धरले होते तेही उघड होते.