वाशिम जिल्ह्यातील दुकानदार घराण्यांचा वंशशोध

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (1837–1901) आजच्या वाशिम जिल्ह्यात किराणा, कापड, धान्य व कापसाचा व्यापार आणि त्याला जोडून सावकारी करणाऱ्या घराण्यांचा जुन्या दप्तरांवरून घेतलेला माग. कारंजा (लाड), वाशिम, रिसोड व मंगरूळपीर ही येथील जुनी बाजारगावे. लाड, बघेरवाल, मारवाडी व कोमटी व्यापारी या भागात स्थिरावले. कारंजाची पेठ त्याआधीच सधन होती. 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली.

प्रशासकीय चौकट : 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. हा प्रांत 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला जाईपर्यंत हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या देखरेखीखाली होता. तेव्हाच्या बासीम (वाशिम) जिल्ह्यात बासीम, मंगरूळ व पुसद हे तालुके होते. कारंजा मात्र अमरावती जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात मोडत असे. 1905 मध्ये बासीम जिल्हा मोडून बासीम व मंगरूळ हे तालुके, तसेच अमरावतीचा मूर्तिजापूर तालुका अकोल्यात आणि पुसद यवतमाळच्या बाजूला गेला. सध्याचा वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी झाला. त्यामुळे कागद शोधण्याआधी ते गाव त्या साली कोणत्या जिल्ह्यात होते हे ठरवावे लागते. वाशिम, अकोला व अमरावतीच्या दप्तरांखेरीज नागपूरचे पुराभिलेखागारही उपयोगी पडते.

जमीन व कर्ज : इंग्लंडमध्ये 1841 पासूनच्या जनगणनेच्या घरोघरच्या याद्या टिकल्याने दुकानदाराचे कुटुंब दर दहा वर्षांनी नावानिशी सापडते. वऱ्हाडात मात्र 1867, 1881 व 1891 च्या गणनांचे आकडे छापले गेले, नावांच्या याद्या जपल्या गेल्या नाहीत. ही उणीव महसुली कागद भरून काढतात. मुंबई पद्धतीच्या मोजणी-बंदोबस्तानंतर शेताचा भोगवटा विकता व गहाण ठेवता येऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) कापसाचे भाव चढले; 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. कापसावर उचल देणारा दुकानदार त्यामुळे गहाणखतात, खरेदीखतात व दिवाणी दाव्यात दिसतो. 1896–97 व 1899–1900 च्या दुष्काळांच्या आसपासचे व्यवहार याच दृष्टीने तपासावेत.

खाजगी वह्या : रोजकीर्दीत रोजची जमा-नावे, तर खतावणीत प्रत्येक कुळाचे खाते असते. या वह्या मोडीत किंवा मारवाडी व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीत असतात. पेढीचे नाव मूळ पुरुषानंतरही चालू राही. नागपूरची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी त्याचे ठळक उदाहरण. म्हणून पेढीच्या नावाने झालेला व्यवहार त्या नावाचा माणूस हयात असल्याचा पुरावा ठरत नाही. कालगणनाही जुळवावी लागते : शके 1800 म्हणजे 1878–79; दिवाळी पाडव्यापासून धरलेला विक्रम संवत 1935 व फसली (महसुली) सन 1288 यांचाही काही भाग त्याच काळात येतो.

जन्म-मृत्यू व धार्मिक नोंदी : गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची तारीख, बापाचे नाव व जात मिळते, जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. ते पुढे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडू शकते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे असतात. राजस्थानातून आलेल्या घराण्यांसाठी हरिद्वारच्या वह्या व भाटांच्या पोथ्या पाहतात. कारंजाला सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या जैन परंपरांची मंदिरे आहेत. मूर्तिलेखांत व हस्तलिखितांच्या प्रशस्तींत दात्याची जात, गोत्र व नातलग येतात. विद्याधर जोहरापूरकर यांच्या ‘भट्टारक संप्रदाय’ (1958) या ग्रंथात असे अनेक लेख संकलित आहेत. व्यापारातील पैसा पुढे ग्रंथप्रकाशनाकडेही वळला. ‘अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला’ हे कारंजाचे उदाहरण.

पडताळा व मर्यादा : आडनाव न लिहिण्याची चाल आणि आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत यांमुळे दोन माणसे एक समजली जाण्याचा धोका असतो. नाव, बापाचे नाव, गाव व व्यवहार हे चारही निदान दोन स्वतंत्र कागदांत जुळल्यावरच नाते पक्के धरावे. दत्तकविधानाचे कागद वेगळे पाहावेत, कारण त्यांत वारसाचा जन्मदाता व दत्तक पिता दोन्ही कळतात. ही साधने जमीन व उधारी असलेल्या घराण्यांना झुकते माप देतात; आठवडी बाजारात पाल टाकणारा विक्रेता त्यांत क्वचितच आढळतो. बायकांची नावे मुख्यतः वारसाहक्काच्या वादांत व दानलेखांत येतात.